कलम सात (ख)

मसुदेकाकांना राग आला की ते ओरडत नाहीत, कागद घेतात. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत परिपत्रकांचे मसुदे करण्यात गेल्यावर माणसाचा रागसुद्धा समास सोडून बाहेर पडायला शिकतो. त्यांचं खरं आडनाव आता बँकेखेरीज कुणाच्या लक्षात नाही. त्या रविवारी ते 'मास्तर स्मृती रसिक मंडळा'च्या सभेहून घरी आले, एक चप्पल दाराशी आणि दुसरी पार कपाटापाशी काढली, आणि पाणीसुद्धा न पिता टेबलाशी जाऊन बसले, तेव्हा काकूंनी ओळखलं की आज कुणाचं तरी काही खरं नाही.

"कोण?" काकूंनी एवढंच विचारलं.

"मेडिकलवाला," काकांनी पेनाचं टोपण काढलं.

मास्तर म्हणजे अकॉर्डियन गळ्यात अडकवून एकट्याच्या जिवावर तीन तास हॉल हसवणारा माणूस. गाणं म्हणता म्हणता मध्येच थांबायचे, पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी जांभईची आस्थेने चौकशी करायचे, आणि जिथे सोडलं होतं बरोबर तिथून पुढे सूर पकडायचे. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली. त्याच वर्षी काकांनी हे मंडळ काढलं, त्याची घटना लिहिली, ती नोंदवून आणली आणि सरचिटणीसपद आपल्याकडे ठेवलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, मास्तरांचं अकॉर्डियन काकांच्या हवाली केलं. दहा वर्षं ते काळ्या खोक्यात, काकांच्या बैठकीच्या खोलीत, खास त्याच्यासाठी केलेल्या स्टुलावर होतं. काका रोज सकाळी खोका पुसायचे, रविवारी उघडून आतून पुसायचे. नातीला त्या स्टुलाजवळ चेंडू खेळायची बंदी होती, आणि काकूंना त्या खोक्यावर वाळलेल्या कपड्यांची घडी ठेवायची. काकांच्या आयुष्यात अभिमान वाटावा असं फारसं काही घडलं नव्हतं. हे घडलं होतं.

मंडळाचे सत्तावीस सभासद. सभा महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, अध्यक्षांच्या दवाखान्यात. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. खुर्ची नेहमी एक कमी पडायची, म्हणून वक्त्याने पेशंटच्या खुर्चीत बसायचं आणि एक आठवण सांगायची, असा प्रघात पडला होता. ती खुर्ची मागे कलते आणि वर दिवा असतो. त्यामुळे मास्तरांच्या आठवणी सांगताना प्रत्येकाचा चेहरा अक्कलदाढ काढायला आल्यासारखा दिसायचा. पण श्रद्धा असली की माणसं कुठेही बसतात.

तर त्या रविवारी ह्या खुर्चीत मेडिकलवाला बसला. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक, मंडळात येऊन जेमतेम आठ महिने झालेले. त्याने आठवण सांगितली की एकदा मास्तर स्टेजवर येता येता अकॉर्डियनच्या बेल्टमध्ये पाय अडकून आडवे झाले, आणि न उठता, आडव्या आडव्याच, पहिलं गाणं पूर्ण म्हटलं. लोक खुर्च्यांवरून खाली आले हसून. आता दवाखान्यातले लोकही हसले. टाळ्या वाजल्या. डॉक्टर म्हणाले, "वा! ही नवीन आहे!"

नवीन असणारच, काकांच्या मनात आलं. आज सकाळी दुकानात खोकल्याच्या बाटल्या लावताना सुचली असेल. बावीस वर्षांत मास्तर एकदाही पडले नव्हते. पडले असते तर काकांना ते ठाऊक नसतं? आणि ह्याच माणसाने गेल्या पुण्यतिथीला अकॉर्डियनवरून हात फिरवत विचारलं होतं, "काका, आठवडाभर माझ्या दुकानाच्या काचेत ठेवू या का? लोक बघतील तरी." काचेत! एका बाजूला पोटाचे पट्टे, दुसऱ्या बाजूला बाळाची पावडर आणि मध्ये मास्तरांचं अकॉर्डियन! तळपायाची आग मस्तकात जायला आणखी काय लागतं?

म्हणून कागद.

दुपारी जेवण गार होईपर्यंत काकांनी पोटनियमांत कलम सात (ख) घातलं. मंडळाचा पूर्ण सभासद तोच, ज्याने मास्तरांचा किमान एक कार्यक्रम प्रत्यक्ष, स्वतःच्या डोळ्यांनी, सभागृहात बसून पाहिला आहे आणि त्याचा लेखी पुरावा ज्याच्याजवळ आहे. बाकीचे सहयोगी. मास्तरांच्या वस्तूंचा ताबा पूर्ण सभासदाकडेच राहील. ह्या कलमातून कोणासही, कोणत्याही पदाधिकाऱ्यासही, सूट मिळणार नाही. आणि हे कलम तीन वर्षं बदलता येणार नाही. शेवटच्या दोन वाक्यांवर काका इतके खूश झाले की त्यांनी ती काकूंना दोनदा वाचून दाखवली. पळवाट एकही ठेवली नव्हती.

पुढच्या सभेत कलम एकमताने मंजूर झालं. अनुमोदन मेडिकलवाल्याने दिलं, आणि तेही हसत हसत. ह्याचा काकांना भयंकर राग आला. ज्याच्यासाठी खड्डा खणावा त्याने माती उचलायला मदत करायची म्हणजे काय? पुराव्यासाठी महिन्याची मुदत ठरली.

संध्याकाळी काकू भाजी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, तुमचं तिकीट कुठे आहे?"

"कसलं तिकीट?"

"मास्तरांच्या कार्यक्रमाचं. तुम्हालाही लागेल ना?"

काका हसले. मग त्यांचं हसू मावळलं. मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले.

त्याचं असं होतं की काकांजवळ तिकीट नव्हतं, कारण काका तिकिटं फाडायचे. बावीस वर्षं, ऑफिस सुटलं की थेट हॉलवर, फुकट, हौसेने. दारात उभं राहायचं, तिकीट घ्यायचं, अर्धं फाडून परत द्यायचं. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. त्या हॉलच्या दाराची कडी मोडलेली होती. दार आपोआप उघडायचं आणि करकरायचं, आणि गाण्यात दार करकरलेलं मास्तरांना खपत नसे. शिवाय पहिलं गाणं सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही ही त्यांची सक्त ताकीद. म्हणून काका शेवटचं तिकीट फाडून झालं की बाहेरून दार ओढून घ्यायचे आणि मूठ घट्ट धरून उभे राहायचे. तीन तास. उशिरा आलेल्यांना खुणेनेच परत पाठवायचे. दुसरा कुणी म्हणाला, "काका, आज मी धरतो, तुम्ही बसा आत," तर काकांना तो आपल्या जागेवर टपलेला वाटायचा. अशी बावीस वर्षं गेली. मास्तरांचं प्रत्येक गाणं, प्रत्येक कोटी, प्रत्येक खोकला काकांना पाठ होता. त्यांनी एकही कार्यक्रम पाहिला नव्हता.

मंडळात लोक मास्तरांच्या भुवईबद्दल बोलायचे. ती म्हणे कोटीच्या आधी वर जायची. काका दहा वर्षं मान डोलवत आले होते. आणि आता त्यांनीच, आपल्या वळणदार अक्षरात, 'स्वतःच्या डोळ्यांनी' असं लिहून ठेवलं होतं. त्यापुढे 'बसून'. बसून तर ते तिथे कधीच नव्हते.

वरच्या मजल्यावर एक नोटरी राहतात. त्यांना सल्ला विचारावा लागत नाही, ते जिन्यातच देतात. "सोपं आहे," ते म्हणाले, "हॉलकडून दाखला घ्या, की अमुक माणूस अमुक वर्षं उपस्थित होता."

हॉल आता गाद्यांचं दुकान झाला आहे. काका तिथे गेले. जिथे स्टेज होतं तिथे डबलबेड होते. मॅनेजर तरुण आणि हसतमुख. काकांनी पंधरा मिनिटं विषय समजावून सांगितला. मॅनेजरने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कंबर कुठे दुखते?"

"कंबर दुखत नाही! मला दाखला हवाय!"

"सर, तुम्ही एकदा झोपून तर बघा."

आणि काय सांगायचं, त्याने काकांना झोपवलं. निवृत्त हेडक्लार्क, नोंदणीकृत संस्थेचा सरचिटणीस, बूट घातलेले पाय प्लॅस्टिकवर ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर गादीवर उताणा. वर पाहिलं तर हॉलचं जुनं छत अजून होतं. काकांनी ते आयुष्यात प्रथमच पाहिलं. ते उठले, मॅनेजरला नाही नाही ते बोलले आणि दाखल्याशिवाय बाहेर पडले. दुकानाने दिलेली उशी मात्र हातात तशीच राहिली. ती परत द्यायला पुन्हा आत जावं लागलं, तेव्हा तर त्यांना स्वतःचाच राग आला.

मग नगरपालिकेचा करमणूक कर विभाग. तिथे प्रत्येक कार्यक्रमाची नोंद असायची. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की दहा वर्षांपूर्वीचे कागद नष्ट झाले. काका म्हणाले, मग नष्ट झाल्याचा दाखला द्या. बाई म्हणाल्या, देऊ की, त्यासाठी नोंद होती ह्याचा पुरावा आणा. काका म्हणाले, पुरावा तुम्हीच नष्ट केलात. बाई म्हणाल्या, तसं लेखी द्या. एकतीस वर्षं काकांनी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून हेच केलं होतं, आणि तेव्हा त्यांना ते अतिशय सयुक्तिक वाटायचं. बाहेरच्या बाजूने ते ऐकताना त्यांचे कान लाल झाले. त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले. बाईंनी टोपली पुढे सरकवली.

दरम्यान घरी रीघ लागली होती. एकोणीस जणांनी तिकिटांचे तुकडे आणून दिले. पाकिटात, देवघरात, लग्नाच्या अल्बममध्ये जपलेले. काका ते बघून लगेच सांगू शकत होते, कारण प्रत्येक तुकड्यावर त्यांच्याच हाताची फाड होती. वरून तिरकी, आणि शेवटी हुकासारखा एक बारीकसा आकडा. डाव्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं होतं ना, त्याने होणारा. बाकीच्यांचे पुरावे बघून मात्र ते चिडायचे. एकाने रुमाल आणला, मास्तरांनी घाम पुसलेला. एक शिक्षिका पायाचं जुनं प्लॅस्टर घेऊन आल्या, त्यावर मास्तरांची सही होती. एका गृहस्थांनी फोटो आणला, त्यात गर्दीतल्या एका टकलावर बाण काढून 'मी' असं लिहिलेलं.

"लेखी नाही. तारीख नाही. सभागृहात बसल्याचं सिद्ध होत नाही," काका म्हणायचे.

"अहो, माझं टक्कल मला ओळखू येत नाही?" ते गृहस्थ ओरडले.

"कलम वाचा," काका म्हणाले. त्यांचाच आवाज त्यांना कसासा वाटला.

मुदत संपली तो रविवार. दवाखाना गच्च भरलेला. मध्ये टेबलावर अकॉर्डियन, कारण ताब्याचा विषय होता. डॉक्टरांनी एकेकाला पेशंटच्या खुर्चीत बसवून छाननी सुरू केली. मेडिकलवाल्याची पाळी आली. त्याने औषधाच्या एका छोट्या पाकिटातून तिकीट काढून काकांच्या हातात दिलं. काकांनी चष्मा लावला. वरून तिरकी फाड. शेवटी आकडा.

ह्या क्षणासाठी तर सगळा खटाटोप केला होता. 'बनावट' हा एकच शब्द म्हणायचा होता, आणि तो खोटा आहे हे त्या दोघांखेरीज जगात कुणाला कळलं नसतं. त्यांना स्वतःच्या अंगठ्याचा संताप आला.

"खरं आहे," ते म्हणाले. "मीच फाडलंय."

मेडिकलवाला पुन्हा हसला. ह्या माणसाला दुसरं काही येतच नाही.

मग डॉक्टर म्हणाले, "आता काका, तुम्ही." काका खुर्चीत बसले. खुर्ची मागे गेली. दिवा डोळ्यांवर आला. सव्वीस माणसं वरून वाकून बघू लागली.

"माझा साक्षीदार आहे," काका म्हणाले. त्यांनी वहिनींना बोलावून ठेवलं होतं. वहिनींचा शब्द कोण मोडणार? वहिनी दारापाशी बसल्या होत्या. थकल्या होत्या, पण बोलणं खणखणीत.

"वहिनी," डॉक्टरांनी विचारलं, "काकांनी मास्तरांचे कार्यक्रम पाहिलेत ना?"

"काकांनी? छे हो! ते कधी आत आलेच नाहीत," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "बावीस वर्षं दार धरलं त्यांनी. हे घरी येऊन म्हणायचे, असं दार धरणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

काका उठायची धडपड करू लागले. खुर्चीतून उठायला तिचा पाठीचा भाग आधी सरळ व्हावा लागतो, आणि त्याचं बटण डॉक्टरांच्या पायाशी होतं. काका तसेच दिव्याखाली पडून राहिले.

"पण मास्तर कधी पडले नव्हते, एवढं तरी सांगा ना वहिनी," काका वर बघतच म्हणाले.

"पडले होते की! गुडघा सोलून आले. कुणीतरी मध्यंतरात पट्टी बांधली म्हणाले."

"मीच बांधली," मेडिकलवाला म्हणाला. "तेव्हा दुकानात नोकर होतो. खिशात पट्टी होती."

काकांना तो दिवस आठवला. गाणं सुरू होण्याआधी आत एक हशा झाला होता, आणि तो संपायलाच तयार नव्हता. दाराची मूठ हातात थरथरत होती. आत काय झालं ते काकांना समजलं नाही, आणि नंतर कुणाला विचारायची लाज वाटली. दार धरणाऱ्याला ठाऊक नाही असं कसं चालेल?

नियम म्हणजे नियम. काका सहयोगी झाले. ताब्यासाठी डॉक्टरांनी मेडिकलवाल्याचं नाव सुचवलं, कारण त्याच्या दुकानात एसी होता आणि वाद्याला दमट हवा चालत नाही. काकांच्या डोळ्यांपुढे पोटाचे पट्टे आणि बाळाची पावडर नाचू लागली. लगेच तिघांनी हरकत घेतली, आमच्याही घरी एसी आहे. चौघे म्हणाले, आळीपाळीने ठेवा. टकलावर बाण काढलेले गृहस्थ म्हणाले, हे सगळं बेकायदा आहे. रुमालवाल्याने रुमाल फडकावला. आरडाओरडा इतका झाला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं.

वहिनी उठल्या. त्यांनी अकॉर्डियनवर हात ठेवला. "एक विचारू? तुम्ही इतके जण आहात. ह्यातल्या कुणाला हे वाजवता येतं?"

रुमालवाल्याने रुमाल खिशात घातला.

"दहा वर्षांत कुणी भाता उघडला?"

"वहिनी, मी दर रविवारी पुसतो," काका म्हणाले.

"ते ठाऊक आहे मला. पण हे काय त्यासाठी आहे?" वहिनींचा आवाज चढला. "घरात तोंड मिटून बसलेलं त्यांना एक मिनिट सोसायचं नाही, आणि तुम्ही त्यांचं वाद्य दहा वर्षं गप्प बसवलंत! वर भांडताय ते गप्प कुठे बसवायचं ह्यावरून!" आणि त्यांनी रिक्षा बोलावली. अकॉर्डियन पोस्टामागच्या गल्लीतल्या वादन वर्गात गेलं. तिथल्या बाई ते ज्याला शिकायचं असेल त्याच्या हातात देतात.

काका वहिनींवर इतके चिडले की त्यांनी पाच पानांचं पत्र लिहिलं. घरात स्टूल रिकामं राहिलं. काकूंनी दोन दिवस वाट पाहून त्यावर कपड्यांच्या घड्या ठेवल्या, तर काका जेवले नाहीत. पंधरा दिवस असे गेले. सोळाव्या दिवशी काकू म्हणाल्या, "त्या वर्गाला वयाची काही अट आहे का?"

"मला काय ठाऊक!"

"मग जाऊन विचारा. नाहीतर निदान माझ्याशी तरी सरळ बोला."

काका तणतणत गेले. वर्गात पाहतात तर बाकावर मेडिकलवाला, वही घेऊन. तो आठवड्यापासून येत होता. काका परत फिरणार होते, पण बाईंनी तोवर अकॉर्डियन त्यांच्या अंगावर चढवलंसुद्धा. दहा वर्षं त्यांनी ते उचललं होतं, पुसलं होतं, छातीशी कधी धरलं नव्हतं. बेल्ट खांद्यात रुतले. भाता उघडला आणि आत हवा शिरली, तेव्हा ते कुणीतरी जागं व्हावं तसं त्यांच्या अंगावर हललं. काकांनी ते छातीशी आवळलं, आणि आवळलेलं मेडिकलवाल्याने पाहिलं ह्याचाही त्यांना राग आला.

त्यांनी पट्टी दाबली. भलतंच काहीतरी भसकन वाजलं.

"काका, कोपर वर," मेडिकलवाला बाकावरून म्हणाला. "मास्तर असं नाही धरायचे."

"तुम्ही गप्प बसा. सूर मला पाठ आहे."

"सूर असेल हो. पण हात असा नव्हता. आणि मान डावीकडे असायची. आठवतं ना?"

इथे काकांनी नेहमीप्रमाणे मान डोलवायची होती. बाई थांबल्या होत्या. अकॉर्डियनमधली हवा हळूहळू बाहेर पडत होती.

"नाही आठवत!" काका खेकसले. "मी पाहिलंच नाहीये मास्तरांना वाजवताना, तर आठवेल कुठून? तुम्ही पाहिलंय ना? मग तिथे बसून काय सांगताय? इकडे या आणि नीट दाखवा!"